कॉस्च्युमचा टॅग अजून तसाच आहे ना?

ताई, पत्र दोनदा वाचलं. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून क्रोएशियात स्प्लिट ते दुब्रोवनिक आठवड्याची क्रूझ, जेमतेम वीस केबिनचं जहाज, आणि तुमची तक्रार अशी की रोज जहाज एखाद्या खाडीत थांबलं की मिस्टर मागच्या शिडीवरून थेट पाण्यात, त्या जर्मन जोडप्याबरोबर तासभर हसणं-खिदळणं, आणि तुम्ही डेकवर त्यांचा चष्मा नि टॉवेल सांभाळत बसलेल्या. पहिले दोन दिवस "ये ना" म्हणून हाका मारल्या, मग त्याही बंद. "त्यांना माझी किंमतच नाही" असं लिहिलंय तुम्ही.

पण मधेच एक अर्धं वाक्य टाकून पुढे गेलात, "कॉस्च्युम घेतला होता, टॅगसुद्धा काढला नाही". मी तिथेच अडकले. अहो, म्हणजे पुण्यातून निघतानाच तुम्हाला पाण्यात उतरायचं होतं! दुकानात गेलात, साइज बघितलीत, घरात कुणाला न सांगता बॅगेत तळाशी ठेवलात. मग चिडलाय त्या स्वतःवर, आणि बिल फाडताय मिस्टरांच्या नावावर. त्यांनी किती दिवस हाका मारायच्या?

पोहता येत नाही, या वयात लोकांसमोर कसं जायचं, ही कारणं मला नका सांगू. त्याच जहाजांवर सत्तरीच्या बायका फोमचं नूडल, म्हणजे तरंगायला धरायची ती लांब नळी, काखेत धरून शिडी उतरतात, कोणी वळूनही बघत नाही. तिथल्या एड्रियाटिक समुद्राचं पाणी बऱ्याच समुद्रांपेक्षा खारट, लिटरला जवळजवळ 38 ग्रॅम मीठ, अंग तरंगायला थोडी मदतच होते. आणि म्ल्येत बेटावरचं ते छोटं खाऱ्या पाण्याचं तळं, मालो येझेरो, समुद्रापेक्षा कोमट असतं, तिथे तुम्ही फोटो काढत उभ्या राहिलात! काठावर बसून पाय तरी सोडायचे होते हो. वाचताना जीव तुटला माझा.

मिस्टरांशी बोला-बिला असलं काही मी सांगणार नाही. आज तो टॅग कापा आणि घराजवळच्या टँकवर लेडीज बॅचला नाव घाला. सुरुवातीला कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून पाय मारायचे आणि तोंड बुडवून बुडबुडे सोडायचे, एवढंच असतं. मिस्टरांना बरोबर नेऊ नका, ते शिकवायला लागतील. बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागतात, ते उद्याच घेऊन ठेवा.