कापूस गुलाबी का झाला?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातला शेतकरी, फोटो काढायचा नाद आहे. डिसेंबरात जिनिंगच्या आवारात, सकाळी अकराच्या उन्हात, कापसाच्या ढिगाशेजारी उभ्या आईचा फोटो रॉमध्ये (सेन्सरनं मोजलेलं जसंच्या तसं ठेवणारी कच्ची फाइल) काढला. एका प्रोग्राममध्ये ढिगाचा उन्हातला भाग चुना फासल्यासारखा सपाट दिसतो. दुसऱ्यात बोंडाबोंडातला कापूस वेगळा दिसतो. तिसऱ्यात तोच कापूस गुलाबी! फाइल एकच आहे, मग यातलं खरं कुठलं मानायचं? फाइल सोबत पाठवली आहे.

उत्तर : भाऊ, आईचा चेहरा फार छान आलाय, त्याला हात लावू नका. अडचण फक्त ढिगाच्या उजव्या उतारावर आहे.

मी तुमची फाइल आधी रॉथेरपी या रॉ उघडायच्या प्रोग्राममध्ये उघडली आणि तिथला रॉ हिस्टोग्राम, म्हणजे सेन्सरवर कुठला रंग किती भरलाय ते दाखवणारा आलेख, पाहिला. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा उजेड मोजतो, आणि दिवसाच्या उजेडात हिरवा सगळ्यांत आधी भरतो. तुमच्या उजव्या उतारावर नेमकं तेच झालंय. हिरवा काठोकाठ भरून सांडलाय, लाल निम्म्याच्या थोडा वर आहे, निळ्यातही जागा शिल्लक आहे. म्हणजे कापूस उजेडानं पुरता जळालेला (तपशील हरवलेला) नाही, तीनातला एक रंग गेलाय.

पुढे व्हाइट बॅलन्स येतो. उन्हात पांढरं पांढरं दिसावं म्हणून प्रोग्राम लालला साधारण दुपटीनं आणि निळ्याला साधारण दीडपटीनं गुणतो, हिरवा आहे तसाच ठेवतो. लाल-निळा असे वर चढतात आणि हिरवा मात्र छताला अडकलेला. हिरवा कमी पडला की उरतो तो गुलाबी. तुमच्या तिसऱ्या प्रोग्रामनं ही तफावत तशीच दाखवली. पहिल्यानं तिन्ही रंग एकाच उंचीवर कापले, म्हणून चुना. दुसऱ्यानं शाबूत लाल-निळ्यावरून हरवलेल्या हिरव्याचा अंदाज बांधला. तो अंदाजच आहे, पण कापसासारख्या जवळपास बिनरंगी वस्तूवर चांगला बसतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी या दोन्ही प्रोग्रामांत यासाठी ‘इनपेंट ऑपोज्ड’ नावाची पद्धत आहे, ती लावून बघा. लाइटरूम हे काम न विचारता आतल्या आत करतं. तिन्ही रंग भरलेल्या जागी मात्र कुठलाच प्रोग्राम काही परत आणू शकत नाही. तिथं हायलाइटचा, म्हणजे उजळ भागांचा, स्लायडर ओढला की पांढऱ्याचं राखाडी होतं, बस.

टोनच्या, म्हणजे उजळ-गडद छटांच्या, पायऱ्या कमी पडल्या असतील अशी शंका काहींना येते. तसं नाही. 14 बिटच्या फाइलमध्ये 16,384 पायऱ्या असतात आणि त्यातल्या निम्म्या, 8,192, एकट्या सर्वांत वरच्या स्टॉपमध्ये (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट होण्याचा एक टप्पा) असतात. जेपेगमध्ये एका रंगाला सगळ्या मिळून 256. कापसाच्या बारीक छटांना रॉमध्ये हवी तेवढी जागा आहे. प्रोग्रामचा कर्व्ह (टोन उजळ-गडद करणारी वक्ररेषा) वरचं टोक किती दाबतो, त्यावर त्या दिसतात की मिटतात.

कापसाच्या उलट गोष्ट हळदीची. सुरुवातीला मी अमळनेर, धरणगावकडची लग्नं करायचे. एका नवरीच्या हळदीच्या फोटोंत गालावरचा पिवळा सगळा एकसारखा, जणू रंगाचा पट्टा मारलाय. उजेडाचा हिस्टोग्राम ठीक होता, म्हणून मी फाइलींना दोष दिला, जेपेग देऊन टाकले आणि रॉ पुसल्या. ती चूक अजून सलते. रॉमध्ये तिन्ही रंग बहुधा शाबूत होते. गडद पिवळ्यात लाल फार वर आणि निळा जवळजवळ शून्य असतो. तो एसआरजीबीच्या (पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगांच्या) चौकटीत कोंबताना फुटतो, उजेडाच्या हिस्टोग्राममध्ये ते दिसत नाही. तिथं एक्स्पोजर किंवा पिवळ्याचं सॅच्युरेशन थोडं उतरवलं असतं, तर बोटांचे ठसेही दिसले असते. म्हणून आधी बघायचं, रंग सेन्सरवर गेला की प्रोग्राममध्ये.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर जळालेल्या भागासाठी लुकलुकणाऱ्या इशाऱ्यावर विसंबू नका. तो जेपेगवरून काढलेला असतो, रॉवरून नाही. पिक्चर स्टाइल (कॅमेरा जेपेगला देतो ती रंगढंगाची सेटिंग) न्यूट्रल आणि हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा ठेवा. पुढच्या वेळी ढिगाच्या उन्हातल्या भागावर स्पॉट मीटर (लहानशा जागेचाच उजेड मोजणारा) धरून अधिक 1 पासून अधिक 3 स्टॉपपर्यंत, एक-तृतीयांश स्टॉपच्या पायरीनं सात फोटो घ्या. हिरवा कुठल्या फोटोत सांडतो ते रॉ हिस्टोग्राममध्ये बघितलं, की तुमच्या कॅमेऱ्याची हद्द कळेल. अजून वेचणी चालू असेल तर याच आठवड्यात करा, आणि आईला पुन्हा उभं करायचं असेल तर सकाळी आठला, ऊन तिरपं असताना.