रडरचं पेडल नसलेलं विमान बाजूच्या वाऱ्यात उतरतं कसं?

काही छोट्या विमानांना रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीवरचा उभा हलता भाग, चालवायचं पायाचं पेडलच नव्हतं हे तुम्ही वाचलंत. मग बाजूने वारा असताना ती उतरायची कशी आणि अशा वेगळ्या रचना करायचं कारण काय, हे तुम्ही विचारलं आहे. माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ती तिरकीच उतरतात. नाक वाऱ्याकडे वळलेलं, विमान मात्र धावपट्टीच्या रेषेत पुढे चाललेलं, आणि तशीच चाकं जमिनीला टेकतात. टेकल्यावर विमान आपोआप सरळ होतं. वैमानिकाच्या पायांकडून काढून घेतलेलं काम चाकांच्या रचनेवर सोपवलेलं असतं. म्हणूनच माझं मत असं की नियंत्रणं आणि चाकं या दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या, तर या रचना कळतच नाहीत.

तुम्ही वाचलेलं विमान बहुधा एर्कूप असावं. त्याचा रचनाकार फ्रेड वाईक. त्याने आधी अमेरिकेच्या नाका या संशोधन संस्थेत काम केलं होतं, आणि 1934 मध्ये डब्ल्यू-1 नावाचं प्रायोगिक विमान सहकाऱ्यांसोबत बांधलं होतं. एर्कूप 1937 मध्ये उडालं. वाईकसमोरचा प्रश्न अगदी नेमका होता. कमी उंचीवर, कमी वेगात, उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात वैमानिक रडर जास्त दाबतो, नाक वर ओढतो, एक पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल एकदम घटते, आणि विमान गिरक्या घेत खाली जातं. सावरायला उंचीच उरलेली नसते. वैमानिकांना अधिक शिकवणं हा त्यावरचा एक उपाय. वाईकने दुसरा निवडला: ही चूक करायची सोयच विमानात ठेवायची नाही.

त्यासाठी त्याने रडर आणि एलेरॉन (विमान एका बाजूला कलवणारे, पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) आतून एकमेकांना जोडले. हातातलं चाक फिरवलं की दोन्ही एकदम हलतात. एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीचा आडवा हलता भाग, वर जाण्याची मर्यादा 13 अंशांवर बांधली, म्हणजे चाक पूर्ण मागे ओढलं तरी पंख पुरता स्टॉल होत नाही. शेपटीला दोन उभे पंख दिले आणि ते प्रोपेलरच्या झोताबाहेर ठेवले, कारण झोत शेपटीवर आदळून नाक एका बाजूला ओढलं जातं आणि ते सावरायला एरवी पाय लागतो. जमिनीवर पुढचं चाकही हातातल्या चाकानेच वळतं. तळाशी एकच पेडल, ते ब्रेकचं.

आता वाऱ्याचा मुद्दा. नेहमीच्या विमानात वैमानिक टेकण्याच्या क्षणी रडर दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणतो, किंवा वाऱ्याकडचा पंख खाली ठेवून उलट रडर देतो. एर्कूपमध्ये यातलं काहीच करता येत नाही, कारण रडर आणि एलेरॉन वेगळे हलवताच येत नाहीत. इथे तीनचाकी रचना कामाला येते. मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या मागे असतात, त्यामुळे तिरकं टेकलं की पुढे जाऊ पाहणारं वजन नाकाला प्रवासाच्या दिशेत खेचतं. दोरीने ओढलेली हातगाडी ओढणाऱ्यामागे सरळ येते, तसंच. शेपटीवर चाक असलेल्या जुन्या रचनेत मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे असतात. तिथे तेच वजन विमानाला आणखी तिरकं करतं आणि विमान जमिनीवरच गर्रकन फिरतं. शिवाय एर्कूपच्या मुख्य चाकांचे पाय मागे झुकलेल्या सांध्याचे आणि भरपूर दबणारे असल्याने तिरकं टेकण्याचा झटका ते पचवतात. त्यावर शिकलेल्यांना पहिल्यांदा मन घट्ट करावं लागतं, कारण धावपट्टी काचेच्या कोपऱ्यातून दिसत असते आणि तरीही काही करायचं नसतं.

याची किंमत आहेच. उंची पटकन कमी करण्यासाठी विमान मुद्दाम तिरकं घसरवणं एर्कूपमध्ये अशक्य, आणि त्याला फ्लॅपही (उतरताना पंखांतून खाली येणारे भाग) नाहीत. वेग फार कमी केला तर गिरकी लागत नाही, पण विमान जोरात खाली बसत जातं, आणि जमीन जवळ असेल तर तेही घातकच.

शेपटीवर चाक असलेल्या विमानांसाठी गुडइयर कंपनीने उलट बाजूने उत्तर शोधलं. मुख्य चाकंच वळू दिली. सेस्ना 195 वर अशी चाकं मिळत असत. विमान नाक तिरकं ठेवून धावतं, चाकं मात्र धावपट्टीच्या दिशेत. पाहायला विलक्षण, पण यंत्रणेचं वजन वाढतं आणि वाऱ्यात जमिनीवर हळू चालवताना विमान आपल्या मनाने वागतंय असं वाटतं. ही चाकं सर्वत्र का रुजली नाहीत ते यावरून कळतं.

पाय काढून टाकण्याचा दुसरा प्रयोग मात्र जीवघेणा ठरला. फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांचं 1933 चं पू-दु-सिएल: एकामागे एक दोन पंख, एलेरॉन नाहीत, पेडल नाहीत. दांडी मागेपुढे केली की पुढचा अख्खा पंख कलतो, डावीउजवीकडे केली की रडर हलतं. हौशी लोकांनी ते घरोघरी बांधलं. पण विमान खाली झुकलेलं असताना दांडी मागे ओढली, की दोन पंखांमधल्या फटीतली हवा मागच्या पंखाची उचल वाढवायची आणि नाक आणखी खाली जायचं. सावरण्याची नैसर्गिक हालचालच मारक. 1936 मध्ये पूर्ण आकाराच्या विमानावर वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या झाल्या तेव्हा हे स्पष्ट झालं. पुढे पंखांच्या जागा बदलून दोष काढला गेला. माझ्या मते वाईक आणि मिन्ये यांच्यातला खरा फरक इथे आहे: हेतू जवळपास एकच, पण एकाने चूक होण्याची वाटच बंद केली आणि दुसऱ्याच्या रचनेत नवी चूक लपून राहिली.

चाकं आणि नियंत्रणं जोडण्याचे आणखीही प्रकार आहेत. पायपर ॲरोमध्ये चाकं खाली करायला विसरलात तर ती आपोआप खाली येत. विमानाच्या डाव्या अंगाला बसवलेली छोटी नळी प्रोपेलरच्या झोताचा दाब मोजायची. वेग आणि इंजिनचा जोर दोन्ही कमी झाले की चाकं वर धरून ठेवणारा हायड्रॉलिक दाब सुटायचा. कल्पना उत्तम, पण इंजिन बंद पडल्यावर दूरच्या शेतापर्यंत तरंगत जायचं असतं तेव्हा नको असलेली चाकं बाहेर येऊन अंतर कमी करायची. म्हणून चाकं रोखून धरणारी वेगळी कळ द्यावी लागली, आणि ती वापरण्याचं भान पुन्हा वैमानिकावरच आलं.

आयव्हन शॉ यांच्या युरोपा विमानात पोटाखाली एकच जाड चाक आणि एकच दांडी. दांडी ढकलली की चाक आणि फ्लॅप एकदम बाहेर, म्हणजे एक केलं आणि दुसरं राहिलं असं होतच नाही. पुढे तीनचाकी आवृत्तीही निघाली. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझेडमध्ये दोन्ही पंखांच्या टोकांना स्वतंत्र रडर आहेत आणि प्रत्येक फक्त बाहेरच वळतं. दोन्ही पेडल एकदम दाबली तर हवेतच ब्रेक लागल्यासारखं होतं, आणि जमिनीवर तेच पेडल शेवटपर्यंत नेलं की त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. मला ही जोडणी फार देखणी वाटते: एका पायाच्या एकाच हालचालीत हवेतलं आणि जमिनीवरचं वळण.

एर्कूपच्या पुढच्या पिढ्यांमध्ये पेडलं परत आली. 1960 च्या दशकातल्या अलॉन ए-2 मध्ये ती होती. त्यामुळे वाईकची कल्पना फसली असं अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही. जन्मतः दोन्ही हात नसलेल्या जेसिका कॉक्स यांनी 2008 मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवला तो एर्कूपवरच. एक पाय हातातल्या चाकावर, दुसरा इंजिनचा जोर कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटलवर. रडरसाठी वेगळी पेडलं असती तर त्यांना तिसरा पाय लागला असता.