पाटल्या गहाण पडल्याचं मला मेसेजवरून कळलं

पत्र : ताई, आमची निफाड तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. मागच्या हंगामात ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला, निम्मे घड कुजून गळाले. उरलेला माल ज्या व्यापाऱ्याला दिला त्याने थोडे पैसे टेकवले आणि नंतर फोनच बंद केला. तेव्हापासून मिस्टर घरात बोलेनासे झालेत. बागेतून येतात, जेवतात आणि मोबाइल घेऊन गच्चीवर जातात. काही विचारलं तर म्हणतात, ‘तुला काय कळतंय त्यातलं?’ मी पुन्हा विचारते, मग चप्पल घालून बाहेर निघून जातात. मारहाण, दारू असलं काही नाही. परवा रात्री मात्र एकदम म्हणाले, ‘सुटलं पाहिजे एकदाचं ह्यातून.’ माझ्या पाटल्या त्यांनी गहाण ठेवल्याचं मला बँकेच्या मेसेजवरून कळलं. सासूबाई म्हणतात, पुरुषमाणसाच्या डोक्याला ताण असतो, तू गप्प राहा. गप्प राहू की विचारू? माझं लग्न अकरा वर्षांचं आहे.

उत्तर :

अगं, गप्प राहायचं की विचारायचं, ते पुढे बोलूच. त्याआधी ‘सुटलं पाहिजे एकदाचं ह्यातून’ हे वाक्य. ते लिहून तू लगेच पाटल्यांकडे वळलीस, मला मात्र त्याच्या पुढे जाता येईना. कदाचित त्यांना कर्जातून सुटायचं असेल, कदाचित शेतीतून. पण अंदाजावर राहू नकोस. आज रात्रीच, दोघंच असताना, सरळ विचार : ‘अहो, जीव नकोसा होतोय का? स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती पुष्कळांना असते, पण तसं होत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणसाचा बांध फुटतो आणि तो बोलतो. उत्तर ‘हो’ आलं, किंवा ते नुसतेच खाली बघत राहिले, तर त्यांना एकटं सोडू नकोस. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, नंबर 14416. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तू स्वतःही लावू शकतेस. दुसऱ्या दिवशी त्यांना मानसोपचाराच्या डॉक्टरकडे घेऊन जा. आणि उत्तर काहीही येवो, फवारणीची औषधं उद्याच कुलपात गेली पाहिजेत. किल्ली तुझ्याकडे किंवा तुझ्या भावाकडे. ‘पोरं खेळतात तिथे’ एवढं कारण पुरे.

आता तुझा प्रश्न. सासूबाईंचं अर्धं खरं आहे.

अमेरिकेत आयोवा नावाचं मक्याच्या शेतीचं राज्य आहे. 1980 नंतरच्या दशकात तिथल्या शेतकऱ्यांवर मोठं संकट आलं. कर्ज काढून जमिनी घेतलेल्या, व्याज चढलं, जमिनीचे भाव कोसळले, पिढ्यान्‌पिढ्यांची शेतं लिलावात गेली. 1989 मध्ये रँड काँगर आणि ग्लेन एल्डर या संशोधकांनी तिथल्या साडेचारशेच्या आसपास कुटुंबांचा अभ्यास सुरू केला आणि तो वर्षानुवर्षं चालवला. नुसत्या प्रश्नावल्या भरून घेतल्या नाहीत. घरी जाऊन नवरा-बायको एकमेकांशी कसं बोलतात त्याचं चित्रीकरण केलं. त्यांना दिसलं ते तुझ्या घरात चाललंय. पैशाची चणचण थेट संसारावर घाव घालत नाही. बिलं थकतात, गरजेची वस्तू पुढे ढकलावी लागते, त्यात माणूस आतून खचतो. खचलेला माणूस चिडका होतो, तुटक होतो, आणि जोडीदाराच्या वाट्याला ती चीड किंवा तो तुटकपणा येतो. म्हणजे ‘तुला काय कळतंय’ ह्या वाक्यातला बराचसा भाग त्या पावसाचा आणि त्या व्यापाऱ्याचा आहे. तुला ते लागलं, लागणारच. पण अकरा वर्षांत तुझ्याबद्दलचं त्यांचं मत बदललं, असा त्याचा अर्थ काढू नकोस.

त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट दिसली आणि माझ्या मते तीच तुझ्या कामाची आहे. चणचण सगळ्यांनाच होती, पण जिथे नवरा-बायको एकमेकांना धरून होते तिथे माणसं कमी खचली. आणि ज्यांना भांडण न वाढवता बसून एखादा प्रश्न सोडवता येत होता, त्यांची पुढे जाऊन होणारी पडझडही कमी झाली. सासूबाईंचं इथे चुकतं. ताण असतो हे खरं. त्यावर बायकोने गप्प राहावं, हे खरं नाही. तू गप्प राहिलीस तर त्या घरात दोन माणसं वेगवेगळी खचतील.

मग तू विचारतेस तेव्हा ते उठून का जातात? लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठात अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांनी ह्याच एका गोष्टीवर वर्षं घालवली. एक जण मागे लागतो, दुसरा मागे सरतो. तो सरला म्हणून पहिला आणखी जोर लावतो, जोर लावला म्हणून दुसरा आणखी सरतो. दोघांनाही वाटत असतं की सुरुवात समोरच्याने केली. मागे लागणं बहुतेक वेळा ज्याला काही बदलायला हवं आहे त्याच्या वाट्याला येतं, आणि घरात तो माणूस बहुधा बायको असतो. तुझा स्वभाव किरकिरा आहे म्हणून हे होत नाही, हे मनाशी पक्कं धर.

हे चक्र मोडायला आधी वेळ बदल. माणूस बागेतून आल्या-आल्या, ताटावर बसल्यावर, किंवा वसुलीचा फोन येऊन गेल्यावर विचारू नकोस. विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांवर रीना रेपेटी यांनी 1989 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. कामाचा भार जास्त असलेल्या दिवशी ती माणसं घरी येऊन अबोल व्हायची, अलिप्त राहायची. तेवढा वेळ त्यांना गच्चीवर असू दे. पण दिवसा सांगून ठेव, ‘रविवारी पोरं आजोळी जातील, तेव्हा आपण तासभर बसू. मला वही घेऊन बसायचंय.’ सांगून ठेवलेल्या वेळेला माणूस मनाची तयारी करून येतो. पहिल्या रविवारी टाळतील. दुसऱ्या रविवारी परत सांग, आवाज न चढवता.

बसल्यावर काय करायचं, त्याची एक रीत आहे. झुरिकचे गी बोडेनमान नव्वदच्या दशकापासून जोडपी मिळून ताण कसा पेलतात ह्याचा अभ्यास करत आले आहेत आणि जोडप्यांना ते शिकवतातही. आधी एकाने बोलायचं, काय झालं आणि मनात काय होतंय ते. दुसऱ्याने तोपर्यंत उपाय सुचवायचा नाही, फक्त ऐकायचं, नीट कळलं नाही तर विचारायचं. मग धीर द्यायचा. शेवटी बोलणाऱ्याने सांगायचं की ह्यातलं काय उपयोगी पडलं आणि आणखी काय हवं होतं. ऐकायला सोपं वाटतं, पण ‘मी तर तेव्हाच म्हणत होते, रोख पैसे घ्या’ हे वाक्य ओठांवर येईल तेव्हा ते गिळणं किती अवघड आहे ते कळेल. ते गीळ. व्यापाऱ्याने फसवल्याची लाज त्यांना आधीच खाते आहे. चारचौघांत हसं झालं, बायकोसमोर मान खाली गेली, म्हणून ते गच्चीवर जातात असं मला वाटतं.

पण पाळी तुझीही यायला हवी, हे मी ठासून सांगते. तूही थिनिंगला (घडातले मणी विरळ करायला), डिपिंगला (घड औषधात बुडवायला) बाईमाणसांबरोबर उन्हात उभी असतेस. शाळेची फी आणि सासूबाईंच्या गोळ्या कशातून भागवायच्या ते तूच जुळवतेस. ताण काही एकट्या पुरुषमाणसाला नसतो. आणि पाटल्यांबद्दल बोल. ‘तुम्ही फसवलंत’ असं नको. जे खरं दुखलंय ते सांग : ‘सोनं गेल्याचं मला एवढं नाही. मोबाइलवर मेसेज आला आणि त्यातून मला कळलं, त्या रात्री मला झोप नाही आली. विचारलं असतंत तर मी स्वतः काढून दिल्या असत्या.’ तू काढून दिल्या असत्यास ना? तुझ्या पत्रावरून मला तसंच वाटलं. नसत्या दिल्यास, तर तेही सांग. त्यांनी ते ऐकून घेणं हा त्यांच्या वाट्याचा भाग आहे आणि तो मी माफ करणार नाही.

त्यानंतर वही उघड. सोसायटीचं कर्ज किती, सोनेतारणाचं किती, औषधाच्या दुकानाची उधारी किती, एका पानावर येऊ दे. ‘तुला काय कळतंय’ ह्याचं उत्तर त्या पानावर आपोआप मिळेल. व्यापाऱ्याकडच्या पावत्या, मेसेज, वजनाच्या चिठ्ठ्या ह्या सगळ्याची एक फाइल तू कर. बाजार समितीत आणि पोलिसांत जायचं ठरलं तर तेच लागेल, आणि दोघांनी मिळून जा.

एक बारकी गोष्ट राहिली. न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांवर आणि त्यांच्या जोडीदारांवर नायल बोल्जर यांनी केलेला अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. जी मदत जोडीदाराने केली पण परीक्षा देणाऱ्याच्या लक्षातही आली नाही, तिने त्याचं मन जास्त हलकं झालं. मदत होतेय हे जाणवलं की आपण कमी पडतोय असंही जाणवतं. म्हणून ‘मी तुमच्यासाठी एवढं करते’ हे मोजून दाखवू नकोस. फाइल करून कपाटात ठेवून दे. लागेल तेव्हा सापडेल.

हे सगळं हात न उगारणाऱ्या माणसासाठी लिहिलंय. ते कधी बदललं तर वही बाजूला ठेव आणि 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन लाव.

आज रात्रीचा प्रश्न तेवढा विसरू नकोस. काय उत्तर आलं ते मला कळव, मी वाट बघते.