ठाण्यातल्या बालनाट्य संस्थेचा नवा अध्यक्ष झालोय (मानद), पण बँक अजून जुन्यांच्याच सह्या मागते. आधी काय करू?

आधी ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची नोंद करायचा अर्ज) दाखल करा. संस्था सार्वजनिक न्यास (पब्लिक ट्रस्ट) म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यावा लागतो. मी अशाच एका संस्थेचा सचिव आहे, हे कागद दरवेळी माझ्याच गळ्यात पडतात. साधारण लागतं ते असं:

- सभेची नोटीस आणि ती सगळ्यांना पोचल्याचा पुरावा
- हजेरीच्या सह्या, ठराव
- राजीनामे (मुदत संपण्याआधी कुणी सोडलं असेल तर), नव्यांची संमतीपत्रं

खरी गोची नोटिशीत होते. संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) पंधरा दिवस आधी असं लिहिलेलं असतं आणि नोटीस गेलेली असते चार दिवस आधी, व्हॉट्सॲपवर. नाराज माजी पदाधिकारी नेमकं तेच धरून बसतो. ९० दिवस उलटले असतील तर विलंबमाफीचा अर्ज जोडा. मात्र हरकत आली की चौकशी लांबते. तोवर खातं कोण चालवणार हे बँकेकडून लेखी घ्या, काउंटरवरच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.