पोरांना घेऊन साताऱ्याचे डोंगर चढायचे तर

दादा, पहिल्याच ट्रिपला लेकरांना घेऊन वासोटा किल्ल्यावर जाऊ नका. बामणोलीहून बोट, मग जंगलातली खडी चढण. दमलेलं पोर खांद्यावर घेऊन उतरताना जीव मेटाकुटीला येतो. आधी अजिंक्यतारा करा, दुसऱ्या दिवशी सज्जनगड. गाडी बरीच वर जाते, पुढं पायऱ्या आहेत.

पायऱ्या चढताना थांबून समोरचे डोंगर दाखवा. एकावर एक थर दिसतील. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, त्याचे हे थर. तोच बेसाल्ट, आपला काळा पाषाण. मुलांचा हात कातळावर फिरवा, कुठंकुठं बारीक भोकं लागतील. लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूचे बुडबुडे ते. काही भोकांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. माझी लेक अशा एका दगडापाशी अर्धा तास बसली होती, मी उठवलं नाही. फक्त दगड फोडू देऊ नका.

कासच्या पठारावर तांबूस जांभा दगड दिसेल. याच बेसाल्टची झीज होऊन झालेला. तिथं फुलांवर पाय नको. आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर चप्पल तर नकोच, चांगल्या पकडीचे बूट घ्या.