तिसरी उघडली, म्हणजे विष गेलं असं नाही

सिएटलजवळच्या किनाऱ्यावर काढलेल्या तिसऱ्या (खायचे शिंपले) 'नीट उकळल्या की झालं' असं तुमच्या आई म्हणतात, ते बरोबर का, हा तुमचा प्रश्न.

आईंचा नियम खोटा नाही, पण तो जीवाणूंसाठी आहे. व्हिब्रिओ हा जीवाणू उकळल्याने मरतो. इथली खरी धास्ती सॅक्सिटॉक्सिन या विषाची. ते जिवंतच नाही, तर मरणार काय? पाण्यातलं सूक्ष्म शैवाल ते तयार करतं आणि दिवसभर पाणी गाळत बसलेल्या शिंपल्याच्या अंगात ते साठतं. त्याला वास नाही, चव नाही. आंबट घाला, फ्रीझरमध्ये ठेवा, काही फरक पडत नाही. उलट पाण्यात विरघळतं, म्हणजे रश्शातही उतरतं. पातेल्यात तोंड उघडणारी तिसरी एवढंच सांगते की ती ताजी होती.

शैवालाने पाणी लाल दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही हे असतं. १७९३ च्या जूनमध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरच्या माणसांनी आजच्या कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात न्याहारीला शिंपले खाल्ले आणि त्यातला जॉन कार्टर त्याच दिवशी गेला. त्या खाडीचं नावच 'पॉयझन कोव्ह' पडलं. आपल्याकडेही १९९७ साली केरळात विळिंजमला सात जण दगावले.

मी काय करतो? निघायच्या दिवशी सकाळी राज्याच्या आरोग्य खात्याचा शिंपल्यांचा नकाशा बघतो. आदल्या आठवड्याचा चालत नाही. एकदा बादली, फावडं, परवाना सगळं गाडीत भरल्यावर किनारा शिंपले काढायला बंद दिसला. पोरं रुसली, त्या दिवशी पिझ्झा खाल्ला.

दुसरं म्हणजे तिसरी ओळखा. मनिला जातीच्या शिंपीवर उभ्या-आडव्या दोन्ही रेघा असतात, बोटाला जाळीसारख्या लागतात. बटर क्लॅम या दुसऱ्या जातीवर नुसती वर्तुळं. मनिला विष काही आठवड्यांत टाकते, बटर क्लॅम मात्र दोन-दोन वर्षं धरून बसते. बादलीत दोन्ही एकत्र येतात, म्हणून मी घरी एकशिपी (एका शिंपीसकट शिजवलेल्या तिसऱ्या) करायला बसलो की एकेक शिंपी अंगठ्याखालून फिरवतो. बटर क्लॅम मी घेतच नाही.

खाल्ल्यावर ओठ, जीभ किंवा बोटांना मुंग्या आल्या तर 'बघू सकाळी' नको, लगेच ९११ ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला फोन. यावर उतारा नाही. श्वासाचे स्नायू लुळे पडले तर अंमल उतरेपर्यंत व्हेंटिलेटर लागतो. उरलेल्या तिसऱ्या टाकू नका, तपासायला लागतील.

तुम्ही किनारा कुठला ते लिहिलेलं नाही. काढलेल्या दिवशी तो खुला होता हे पक्कं माहीत नसेल, तर बादलीतल्या तिसऱ्या आज शिजवू नका. आईंना एकशिपीच खायची असेल तर दुकानातून आणा, विक्रीचा माल तपासलेल्या पाण्यातला असतो.