कललेलं आकेशिया तोडताना खोड उभं फाटतं, त्याबद्दल

तुम्ही लिहिलंय की बांधावरचं आकेशिया शेताकडे चांगलंच कललंय, बुंधा दीड फुटाचा आहे, आणि मागच्या वर्षी असंच एक झाड तोडताना अर्ध्या कापात खोड वरपर्यंत फाटलं. गडी थोडक्यात वाचला. या खेपेला ट्रॅक्टरला दोर बांधून ओढायचा विचार आहे. दादा, तो दोर आधी बाजूला ठेवा.

कललेल्या झाडाची मागची बाजू, म्हणजे कलाच्या उलटी, आधीच ताणलेली असते. आपण समोर, म्हणजे कलाच्या बाजूला, खाच घेतो आणि मशीनने (चेनसॉने) मागून कापत पुढे येतो. मधलं लाकूड अजून जाड असतानाच झाड पडायला निघतं. ते जाड लाकूड वाकत नाही, मग खोडच धाग्याच्या रेषेत उभं चिरतं. मागची फळी सात-आठ फूट वर उसळते आणि कापणारा नेमका तिच्या मागे उभा असतो. आकेशिया, नीलगिरी, सुरू, सिल्वर ओक अशा सरळ धाग्याच्या झाडांना हा धोका जास्त. ट्रॅक्टरने कलाच्याच दिशेने ओढलंत तर हा ताण तुम्ही स्वतःच वाढवता.

‘मशीन जोरात चालव, फाटायच्या आत कापून मोकळा हो’ हा सल्ला गावोगाव ऐकू येतो. मीही सुरुवातीला तसंच करायचो. एका सुरूच्या वेळी काप अर्धाही झाला नव्हता आणि बुंध्यातून ‘कर्रर्र’ असा लांबलचक आवाज आला. मशीन तिथेच टाकून मी बाजूला उडी मारली. मी उभा होतो त्या जागेवरून फळी वर गेली. फाटणाऱ्या लाकडापेक्षा आपला हात कधीच वेगवान नसतो, हे त्या दिवशी कळलं.

म्हणून झाडाला शेवटपर्यंत मागून धरून ठेवायचं. समोरची खाच उथळ ठेवा, दीड फुटाला चारेक इंच पुरे. पण तोंड चांगलं उघडं हवं, सत्तर अंशांच्या आसपास. अरुंद खाच लवकर मिटते आणि मिटली की फाटण्याला जोर मिळतो. मग मागून न कापता मशीनचा बार (ज्यावर साखळी फिरते ती लांब पाती) बाजूने खोडात आरपार घुसवायचा. खाचेमागे साधारण पावणेदोन इंच लाकूड बिजागरी म्हणून राहील इतकं पुढे यायचं आणि तिथून मागे कापत जायचं. मागे सालीलगत दोन-अडीच इंचांचा पट्टा शाबूत ठेवायचा. आता मधलं लाकूड गेलंय, बिजागरी हवी तितकीच आहे, आणि झाड फक्त त्या पट्ट्यावर थांबलंय. इथे थांबून आजूबाजूला नीट पाहून घ्या. घाई नसते, हाच या पद्धतीचा मोठा फायदा. मग बाजूला उभं राहून बाहेरून पट्टा तोडा. झाड एकदम सुटतं, म्हणून पळायची वाट आधीच साफ हवी. ती सरळ मागे नसते, तिरकी मागे असते.

बार घुसवताना टोकाचा वरचा भाग लाकडाला लावू नका, मशीन तोंडावर उसळतं. टोकाच्या खालच्या भागाने, पूर्ण वेगात, आधी घर करा आणि मग सरळ आत न्या. ज्याने हे कधी केलेलं नाही त्याने आडव्या पडलेल्या ओंडक्यावर दहा वेळा करून बघावं, उभ्या झाडावर शिकू नये.

कापायला घेण्याआधीच, कापाच्या वर फूटभर अंतरावर, ट्रकचा माल आवळतात तो जाड रॅचेट पट्टा किंवा साखळी खोडाला करकचून बांधा. काथ्याच्या दोराचा उपयोग नाही. पट्ट्यानेही फाटणं थांबेलच असं नाही, पण फळी उसळायला अडते.

खोडात आधीच उभी चीर असेल, किंवा बुंधा पोकळ वाजत असेल, तर हे करू नका. माहीतगार माणूस बोलवा आणि वरून फांद्या उतरवून झाड हलकं करून घ्या. आणि तोडण्याआधी परवानगी लागते का ते वनखात्यात विचारून घ्या, १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे.

बांध किती उंच आहे आणि वीजवाहिनी जवळ आहे का, तेवढं कळवा. वाहिनी असेल तर वीज बंद करून घेतल्याशिवाय मशीन सुरूच करू नका.